पॉम्पेईच्या दारातला हरवलेला पिवळा

१/
घराच्या प्रवेशाशी लाल, पिवळा, गेरू अशा उष्ण रंगांची भिंत असावी, ही आवड फार जुनी आहे. युरोपातील गृहसजावटीत या आवडीला एक नावही मिळाले : ‘पॉम्पेई लाल’. गेली सुमारे अडीचशे वर्षे राजवाड्यांपासून सामान्य दिवाणखान्यांपर्यंत हा रंग ‘रोमनांची निवड’ म्हणून भिंतींवर चढला. परंतु ज्या भिंती पाहून हे नाव रूढ झाले, त्यांपैकी कित्येक भिंती घरमालकांनी लाल रंगवल्याच नव्हत्या. त्यांनी पिवळा निवडला होता. (धागा)

२/
पॉम्पेई हे इटलीत नेपल्सच्या उपसागराजवळचे, व्हेसुव्हिअस पर्वताच्या पायथ्याचे रोमन नगर. इ.स. ७९ मधील उद्रेकात ते राखेखाली आणि सच्छिद्र ज्वालामुखी खड्यांखाली गाडले गेले. शेजारचे हर्क्युलेनियमही तसेच बुडाले. प्राचीन जगातील बहुतेक नगरांत आज पाये आणि खांब उरले आहेत; येथे मात्र घरांच्या भिंती त्यांच्या रंगांसह उरल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्या दारापाशी कोणता रंग निवडला आणि का, हे विचारण्याची सोय म्हणूनच येथे आहे.

३/
आधी घराची रचना. श्रीमंत रोमन घराला रस्त्याच्या बाजूने खिडक्या थोड्या आणि लहान असत. दरवाजातून आत गेले की एक अरुंद बोळवजा मार्ग लागे. त्याचे लॅटिन नाव ‘फाउकेस’, म्हणजे घसा. तो पुढे ‘आट्रिअम’ या मुख्य दालनात उघडे. आट्रिअमच्या छपराला मधोमध चौकोनी उघडीप असे; तेथून उजेड आणि पाऊस दोन्ही खाली येत, आणि पाणी जमिनीतील उथळ हौदात साठे. मराठी वाचकाने वाड्याची देवडी आणि तिच्या पलीकडचा चौक आठवला, तर हे चित्र चटकन उभे राहील.

४/
हा प्रवेशभाग केवळ येण्याजाण्याचा नव्हता. रोमन समाजात बड्या माणसाभोवती आश्रितांचे वर्तुळ असे. हे आश्रित सकाळीच आपल्या यजमानाच्या दारी मुजऱ्याला येत. या प्रथेला ‘सालुतातिओ’ म्हणत. कोणाला कर्ज हवे असे, कोणाला दरबारी शिफारस, कोणाला न्यायालयात पाठबळ. पॉम्पेईतील अनेक घरांच्या बाहेर रस्त्यालगत बांधीव बाक आहेत. तेथून उठलेला माणूस अरुंद बोळातून उजळलेल्या आट्रिअमकडे जाई. त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या भिंती असत, त्या यजमानाच्या वतीने आधीच बोलू लागत.

५/
इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने हे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे. सामान्य स्थितीतील लोकांना भव्य प्रवेशद्वार किंवा आट्रिअम यांची गरज नाही, असे तो म्हणतो. कारण ते इतरांच्या दारी जातात, त्यांच्या दारी कोणी येत नाही. प्रवेशाची सजावट हा त्याच्या दृष्टीने आवडीचा प्रश्न नव्हता. तो दर्जाचा प्रश्न होता.

६/
दर्जा दाखवण्याचे मार्ग मात्र दोन होते. पॉम्पेईतील सर्वांत मोठ्या घरांपैकी एक म्हणजे ‘फॉनचे घर’. सुमारे ३,००० चौरस मीटरचा हा विस्तार. त्याच्या दारासमोरील पदपथावर रंगीत तुकड्यांनी ‘हावे’, म्हणजे ‘या, नमस्कार’ असे लिहिलेले आहे. आतील मार्गाच्या भिंतींवर रंगीत संगमरवराच्या चिऱ्यांचा आभास देणारे जुने गिलाव्याचे काम आहे. ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातील. गावात नव्या शैली आल्या आणि गेल्या, तरी या घराने आपला जुना प्रवेश उद्रेकापर्यंत जपला. जुने घराणे आहे, हे सांगण्यासाठी जुनी भिंतच पुरेशी होती.

७/
दुसरा मार्ग नव्या श्रीमंतांचा. ‘वेत्तिई यांचे घर’ हे त्याचे ठळक उदाहरण. आउलुस वेत्तिउस कोन्विवा आणि आउलुस वेत्तिउस रेस्तितुतुस हे या घराचे मालक मानले जातात. ते गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. त्यांच्या प्रवेशाशीच सुपीकतेचा देव प्रिआपुस रंगवलेला आहे. तराजूच्या एका पारड्यात पैशांची थैली, दुसऱ्यात त्याचे स्वतःचे पौरुष. आट्रिअममध्ये दोन मोठ्या तिजोऱ्या सर्वांना दिसतील अशा ठेवलेल्या होत्या. ज्यांच्यापाशी पूर्वजांची नावे नव्हती, त्यांनी समृद्धीच दारात उभी केली.

८/
याच वृत्तीची थट्टा पेट्रोनिअस या लेखकाने ‘सातिरिकॉन’ या पुस्तकात केली. त्यातील ट्रिमाल्किओ हा मुक्त झालेला गुलाम अफाट श्रीमंत आहे. त्याच्या प्रवेशाशी भिंतीवर भला मोठा कुत्रा रंगवलेला आहे आणि पुढे त्याचे स्वतःचे चरित्र, गुलामांच्या बाजारापासून वैभवापर्यंत. वाचकाला हसू यावे, ही लेखकाची अपेक्षा. परंतु ज्या समाजात माणसाचा एकेकाळी भाव केला गेला, त्या समाजात त्याने आपल्या दारातील भिंत स्वतः निवडणे, यात हसण्यापलीकडचेही काही आहे.

९/
आता रंगांकडे. पॉम्पेईच्या रस्त्यांवरील घरांच्या दर्शनी भिंतींचा खालचा पट्टा बहुधा लाल आणि वरचा भाग पांढरा असे. रस्त्यावरचा चिखल आणि शिंतोडे लाल पट्ट्यावर कमी उठून दिसत. आत भिंतीची साधारण तीन भागांत मांडणी असे : खाली काळा किंवा गडद लाल पट्टा, मध्ये लाल, पिवळ्या वा काळ्या रंगाची मोठी चौकटबंद क्षेत्रे, आणि वर फिकट भाग. मधल्या क्षेत्रांचा रंग हीच खरी निवड होती, कारण येणाऱ्याच्या नजरेसमोर तोच राही.

१०/
हे लाल आणि पिवळे रंग बहुतांशी मातीचे होते. दोन्हींच्या मुळाशी लोहच. लोहाच्या संयुगात पाण्याचा अंश बांधलेला असेल, तर माती पिवळी दिसते. तिचे मुख्य खनिज गोएथाइट. तो अंश नसेल, तर ती लाल. तिचे खनिज हेमॅटाइट. मराठीत पहिलीला पिवडी आणि दुसरीला गेरू किंवा काव म्हणतात. दोन्ही रंग उन्हात उडत नाहीत आणि चुन्यात बिघडत नाहीत. भिंतीसाठी याहून भरवशाचे रंग प्राचीन जगाला माहीत नव्हते.

११/
रोमन भिंतीचे टिकाऊपण गिलाव्यातही होते. व्हिट्रूव्हिअस वाळू-चुन्याचे तीन आणि त्यांवर संगमरवराची पूड मिसळलेले तीन थर सुचवतो. अखेरचा थर ओला असतानाच रंग लावायचा. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि रंगाच्या कणांभोवती दगडासारखे कवच धरतो. त्यामुळे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो.

१२/
चुना आणि तांबडी माती यांची ही मैत्री कोकण-गोव्यालाही परिचित आहे. तेथील जुन्या मंदिरांवर आणि घरांवर दिसणाऱ्या ‘कावी’ कलेत ओल्या चुन्यावर काव चढवतात आणि ती नाजूकपणे खरवडून खालचा पांढरा थर उघडा करतात. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु पायाखाली तांबडी माती आणि हाताशी चुना असला, की माणसाला उष्ण रंगाची भिंत सुचते, एवढे मात्र दोन्हीकडे दिसते.

१३/
सगळेच लाल मात्र मातीचे नव्हते आणि येथे पैशाचा प्रश्न येतो. थोरला प्लिनी हा इ.स. पहिल्या शतकातील रोमन अधिकारी आणि विश्वकोशकार. तो रंगांचे दोन वर्ग सांगतो : साधे आणि झगझगीत. साधे रंग कंत्राटदाराने पुरवायचे, झगझगीत रंग मालकाने स्वतः आणून द्यायचे. या दुसऱ्या यादीत भारतातून येणारी नीळही होती. यादीतील सर्वांत प्रतिष्ठित लाल म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचे आणि गंधकाचे संयुग. लॅटिनमध्ये त्याला ‘मिनिउम’ म्हणत. पुढे हेच नाव शेंदराला, म्हणजे शिशापासून होणाऱ्या लाल रंगाला चिकटले.

१४/
रोमला येणारा हिंगूळ मुख्यतः स्पेनमधील सिसापो येथील, म्हणजे आजच्या आल्मादेनच्या खाणींतला. प्लिनीच्या नोंदीनुसार वर्षाला सुमारे २,००० रोमन पौंड कच्चा माल मोहोरबंद करून रोमला पाठवला जाई आणि शुद्धीकरण तेथेच होई. भाव बेसुमार वाढू नये म्हणून कायद्याने कमाल दर ठरवला होता : पौंडाला ७० सेस्टर्स. त्या काळी रोमन सैनिकाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स होता. सुमारे सव्वातीनशे ग्रॅम रंगासाठी सैनिकाची जवळपास २८ दिवसांची कमाई.

१५/
तुलनेसाठी पिवळ्याचा भाव. अथेन्सकडची उत्तम पिवळी माती प्लिनीच्या नोंदीत पौंडाला २ दिनार, म्हणजे ८ सेस्टर्स. हिंगूळ तिच्या जवळजवळ नऊपट. साहजिकच हिंगुळात भेसळ होई. व्हिट्रूव्हिअस परीक्षा सांगतो : लोखंडी पत्र्यावर रंग तापवून काळा पडू द्यावा, थंड झाल्यावर मूळ रंग परत आला तर माल शुद्ध, काळाच राहिला तर त्यात चुना मिसळला आहे असे समजावे.

१६/
चोरीचा प्रकार अधिक चतुर होता. रंगारी काम करताना भरलेला कुंचला वारंवार पाण्यात धुई. हिंगूळ जड असल्याने तो भांड्याच्या तळाशी बसे. संध्याकाळी पाणी ओतून दिले की तळाचा गाळ रंगाऱ्याचा. मालकाने विकत आणलेला रंग असा भिंतीऐवजी दुसऱ्याच्या घरी जाई. ही युक्तीही प्लिनीनेच नोंदवून ठेवली आहे.

१७/
एवढे करूनही हिंगूळ दारापाशी टिकेल याची शाश्वती नव्हती. व्हिट्रूव्हिअस फाबेरिउस नावाच्या लेखनिकाची हकिकत सांगतो. रोमच्या आव्हेंतिन टेकडीवरील आपले घर उठून दिसावे, म्हणून त्याने खांबओळीच्या उघड्या चौकातील सगळ्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. तीसच दिवसांत त्या काळवंडल्या, डागाळल्या. अखेर दुसरे रंग देण्याचे नवे कंत्राट त्याला द्यावे लागले.

१८/
कारण प्रकाश. बंद खोलीत हिंगूळ टिकतो. जेथे ऊन आणि चांदणे पोहोचते तेथे तो काळा पडतो, असे व्हिट्रूव्हिअस म्हणतो. चांदण्याबद्दल तो चुकला, उन्हाबद्दल नाही. उघड्यावर हिंगूळ लावायचाच असेल, तर भिंत वाळल्यावर तेल मिसळलेले वितळलेले मेण लावावे, निखाऱ्यांनी ते तापवून मुरवावे आणि मग मेणबत्ती व स्वच्छ वस्त्र यांनी घासून चकाकी आणावी, असा उपायही तो देतो. खर्चावर हा आणखी खर्च.

१९/
म्हणून पॉम्पेईत हिंगुळाची प्रसिद्ध उदाहरणे आतल्या खोल्यांत सापडतात : ‘रहस्यांच्या व्हिला’तील भव्य चित्रखोली, वेत्तिई यांच्या घरातील पाहुण्यांचे दालन. आट्रिअमवर मात्र छपराच्या उघडिपीतून रोज ऊन उतरे. तेथे आणि त्याला जोडलेल्या प्रवेशमार्गात मातीचे रंग देणेच शहाणपणाचे होते. त्यांतही पिवळ्याचा एक गुण मोठा. मंद उजेडात गडद लाल भिंत काळसर दिसते. पिवळी भिंत मिळेल तेवढा प्रकाश परत देते.

२०/
येथे पिवळ्याचा दुसरा गुण सांगितला पाहिजे. तापवला की तो लाल होतो. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास याची एक आख्यायिका नोंदवली आहे : एका खाणावळीला आग लागली, तेव्हा तेथील पिवळी माती अर्धवट जळून तांबडी झालेली किदिआस नावाच्या माणसाने पाहिली. तेव्हापासून पिवळी माती भाजून लाल रंग करण्याची रीत पडली.

२१/
रसायनशास्त्राच्या भाषेत घडते ते इतकेच : तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की पिवळ्या खनिजात बांधलेले पाणी निघून जाते आणि लाल हेमॅटाइट उरतो. थंड झाल्यावर तो पुन्हा पिवळा होत नाही. रोमन कारागिरांनाही हे ठाऊक होते. पिवळ्या मातीचे ढेकूळ विस्तवात लाल होईपर्यंत तापवून शिरक्यात विझवावे आणि जांभळट रंग मिळवावा, अशी कृती व्हिट्रूव्हिअस देतो. भट्टीतील ही कृती एक दिवस संपूर्ण नगरावर घडणार होती.

२२/
इ.स. ६२ मध्ये पॉम्पेईला मोठा भूकंप झाला. त्यानंतरची सतरा वर्षे नगरात दुरुस्ती आणि रंगकाम सुरूच होते. ‘कामावरील चित्रकारांचे घर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत बागेकडे उघडणाऱ्या मोठ्या खोलीची सजावट अर्धवट राहिली आहे. भिंतीचा वरचा भाग पूर्ण, मधल्या चित्रचौकटीत फक्त रेखाटन. शेजारी रंगांची भांडी आणि चुना. कारागीर काम टाकून पळाले, ते परतले नाहीत.

२३/
अलीकडच्या उत्खननात असेच आणखी एक घर सापडले. २०२४ मध्ये नवव्या विभागातील एका आट्रिअमपाशी चुन्याचे ढीग, रचून ठेवलेली कौले, बांधकामाचे दगड आणि भिंतीवर कोळशाने मांडलेले कामाचे आकडे मिळाले. त्याआधी, २०१८ मध्ये, दुरुस्ती चालू असलेल्या एका घराच्या भिंतीवर १७ ऑक्टोबर ही तिथी कोळशाने लिहिलेली आढळली. उद्रेक परंपरेने सांगितल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये नव्हे, तर शरदात झाला असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले. थोडक्यात, अखेरच्या दिवशीही कित्येक घरांतील भिंती नव्या रंगाची वाट पाहत होत्या.

२४/
उद्रेक दोन टप्प्यांत नगरावर आला. प्रथम कित्येक तास हलक्या सच्छिद्र खड्यांचा वर्षाव. त्याने छपरे कोसळली. मग पर्वतावरून तापलेली राख आणि वायू यांचे वेगवान लोट आले. ते दारांतून, खिडक्यांतून आणि भिंतींच्या भेगांतून आत शिरले. जेथे उष्णता पुरेशी होती, तेथे गिलाव्यातली पिवळी माती भाजली गेली. माणसे मरत असतानाच त्यांच्या घरांचा रंगही बदलत होता.

२५/
याचा पुरावा भिंतींवरच आहे. हर्क्युलेनियममध्ये एकाच सलग भिंतीवर पिवळा आणि लाल असे दोन्ही रंग शेजारी दिसतात. त्यांची सीमा कोणत्याही आखणीनुसार जात नाही. डागांसारखी आणि ज्वालेच्या जिभांसारखी ती वाकडीतिकडी पसरते. भेगांच्या कडेने पिवळ्यात लाल उतरलेला दिसतो. कोणताही रंगारी अशी भिंत रंगवणार नाही. ही रेषा उष्णतेने काढलेली आहे.

२६/
अभ्यासकांना हा बदल पूर्वीपासून माहीत होता. त्याचे प्रमाण किती, हे मात्र मोजलेले नव्हते. २०११ मध्ये फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय प्रकाशविज्ञान संस्थेतील सेर्जिओ ओमारिनी यांनी भिंतींना इजा न करता रंगमापन आणि क्ष-किरण यांच्या उपकरणांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. आज लाल दिसणाऱ्या भिंती २४६ आणि पिवळ्या ५७. उद्रेकापूर्वी मात्र लाल १६५ आणि पिवळ्या १३८ असाव्यात, असा त्यांचा अंदाज. म्हणजे ८१ भिंतींनी रंग बदलला.

२७/
हे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत. हिंगुळात पारा आणि शेंदरात शिसे असते, त्यामुळे ते लाल उपकरणाला लगेच ओळखू येतात. परंतु मुळातच लाल असलेली माती आणि भाजून लाल झालेली माती, दोन्हींत लोहच सापडते. त्यांना वेगळे करणे कठीण. तरीही दिशा स्पष्ट आहे. आजच्या भग्नावशेषांत लाल आणि पिवळ्या भिंतींचे प्रमाण चारास एकाहून अधिक. मूळ नगरात मात्र ते जवळजवळ बरोबरीत होते. पॉम्पेई जितके लाल होते, तितकेच पिवळेही होते.

२८/
दरम्यान लाल रंगाची कीर्ती जगभर झाली होती. हर्क्युलेनियममध्ये १७३८ मध्ये आणि पॉम्पेईत १७४८ मध्ये नेपल्सच्या बूर्बाँ राजवटीने उत्खनन सुरू केले. सुंदर चित्रे भिंतींतून कापून राजाच्या संग्रहात नेली गेली. १७५७ पासून त्यांच्या चित्रप्रतींचे भव्य खंड प्रसिद्ध होऊ लागले. १७८७ मध्ये गोएथे पॉम्पेईला आला, तेव्हा लहान खोल्या आणि त्यांतील प्रसन्न रंगवलेल्या भिंती यांनी तो चकित झाला. युरोपच्या कल्पनेत तोवर प्राचीन जग शुभ्र संगमरवराचे होते.

२९/
मग अनुकरण आले. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने १८४० च्या दशकात आशाफेनबुर्ग येथे ‘पॉम्पेयानुम’ उभारले. पॉम्पेईतील ‘कास्टर आणि पोलक्स यांच्या घरा’चा तो नमुना होता. पॅरिसमध्ये राजपुत्र नेपोलियन याने ‘पॉम्पेई महाल’ बांधवला. १८९१ मध्ये तो पाडला गेला. दालने, जिने, प्रवेशकक्ष यांवर पॉम्पेई लाल चढला. वाड्यात पाऊल टाकणाऱ्याला तो रंग सांगे की येथील यजमान सुसंस्कृत आहे, प्राचीनांचा वारसदार आहे. काम तेच होते, जे वेत्तिई यांच्या दारातील भिंत करीत असे.

३०/
फरक एवढाच की या वारशातला मोठा हिस्सा व्हेसुव्हिअसचा होता. रोमन मालकाने पिवळ्या मातीचे पैसे मोजले, रंगाऱ्याने ती ओल्या चुन्यावर चढवली, पर्वताने ती भाजली आणि सतराशे वर्षांनी आलेल्या पाहुण्याने त्या लालाला मालकाची अभिरुची मानले. पिवळ्याला मात्र कोणी ‘पॉम्पेई पिवळा’ म्हणून तेवढा मान दिला नाही. जे उरले, त्यालाच नाव मिळाले.

३१/
बदल अजून थांबलेला नाही. जमिनीखाली सुरक्षित राहिलेला हिंगूळ उत्खननानंतर हवेत आणि उजेडात आला, तसा पुन्हा काळवंडू लागला. २००६ मध्ये ग्रेनोब्ल येथील प्रखर क्ष-किरण सुविधेत तोर्रे देल ग्रेको येथील रोमन व्हिलाच्या काळ्या पडलेल्या नमुन्यांचा अभ्यास झाला. पृष्ठभागावर क्लोरीनची संयुगे आणि चुन्यावर गंधकाच्या क्रियेने झालेला जिप्समचा थर आढळला. फाबेरिउसची तक्रार दोन हजार वर्षांनंतरही चालू आहे. मातीचे रंग मात्र, भाजलेले असोत वा न भाजलेले, आपल्या जागी आहेत.

३२/
या कथेतील साक्षीदाराचा शेवटही याच कथेत आहे. हिंगुळाचा भाव, पिवळ्या मातीच्या जाती आणि रंगाऱ्यांच्या चोऱ्या लिहून ठेवणारा थोरला प्लिनी इ.स. ७९ मध्ये जवळच्या मिसेनुम येथील आरमाराचा प्रमुख होता. उद्रेक दिसताच तो जहाजे घेऊन लोकांच्या मदतीला निघाला आणि स्ताबिए येथे किनाऱ्यावर मरण पावला. ज्या रंगांची त्याने नोंद केली, ते त्याच सुमारास काही मैलांवर बदलत होते.

३३/
इतिहासाच्या अभ्यासकाला पॉम्पेईच्या भिंतीकडून घ्यायचा धडा साधा आहे. अवशेष हा पुरावा खरा. पण तो माणसाच्या निवडीचा की नंतरच्या अपघाताचा, हे आधी ठरवावे लागते. त्या नगरातील कोणीतरी सकाळी दार उघडल्यावर आत येणाऱ्याला उजेड दिसावा, म्हणून पिवळा निवडला होता. ती निवड आज भिंतींच्या काही कोपऱ्यांत, जेथे उष्णता पोहोचली नाही, तेथे तेवढी शिल्लक आहे. (समाप्त)